कानामागची गाठ

सुपारीएवढी. नाही, सुपारीहून थोडी मोठीच — डाव्या कानामागे, वरच्या मऊ केसांखाली दडलेली, बोटाला लगेच लागणारी आणि कंगव्याला मात्र न सापडणारी. नोर्झोमने ती चिमटीत धरली आणि छुर्पीने, दहा महिन्यांच्या त्या ल्हासा अ‍ॅप्सो पिल्लाने, हूं की चूं न करता मान बाजूला घेतली.

कालिम्पोंगवर चार दिवस धुकं बसून होतं. व्हरांड्यात टॉवेलवर पिल्लू, वाटीत कॉर्नफ्लॉवर, आमाचा, आईचा, लाकडी कंगवा आणि शिवण उसवायची आकडी. नोर्झोम शाळेत मुलींना शिवण शिकवते. गुंतलेला दोरा ओढायचा नाही, सैल करत न्यायचा, हे वर्गात दिवसातून दहा वेळा सांगते. पण काल तिनेच उलटं केलं होतं — आधी अंघोळ, मग कंगवा — आणि ओल्या गाठी वाळता वाळता लोकरीच्या नमद्यासारख्या आवळून बसल्या होत्या.

आई गेल्यावर एकोणपन्नास दिवस केस धुवायचे नाहीत, विंचरायचे नाहीत, हे तिने नेमाने पाळलं. पिल्लालाही पाळायला लावलं. का, ते तिला सांगता आलं नसतं... कंगवा आमाचा, पिल्लू आमाच्याच अंथरुणात वाढलेलं, आणि त्याच्या केसांत हात घालायचा म्हणजे — परवा ते दिवस संपले.

"कुत्र्याला कसलं गं सुतक?" देछेन आने, तिच्या वडिलांची बहीण, चहाचे पेले घेऊन बाहेर आली. "त्याची काय आई मेली होती?"

म्हणाली आणि स्वतःच ओठ चावला.

"कातरी आणते. काप एकदाची. केस काय, पुन्हा येतील."

"नको, आने."

"मग बस ओढत. त्याचाही जीव जाईल, तुझाही."

कातरी... त्या सकाळी आमाचं अंग शेवटचं पुसताना आनेने तिचं डोकं उचललं होतं आणि मध्येच थांबली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आमा आठ महिने उताणी. उशीला घासून घासून डोक्यामागे केसांचा मुठीएवढा गोळा झालेला, कातडीला चिकटलेला, आणि कडेने दिसणारी कातडी लाल, ओलसर. आनेने फक्त हात पुढे केला — कातरी. कापलेला गोळा आपल्या कमरेला बांधलेल्या पट्टेरी फडक्यात, पांगदेनमध्ये, गुंडाळला, आणि मग लोक यायला लागले. त्या दिवसापासून आजपर्यंत आने त्यावर एक अक्षर बोललेली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण मी विंचरत होते ना? रोज विंचरत होते. सकाळी शाळेत जाण्याआधी, कपाळापासून कानापर्यंत, दोन बाजूंना दोन सारख्या बटा; भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. आणि मला ते आवडायचं... मागे हात घालायला गेले की आमा म्हणायची, "पुढूनच कर. बास. छान झालं. तुला उशीर होतोय." उशीर होतच होता. आणि संध्याकाळी? संध्याकाळी उशीर होत नव्हता.

तीच आमा पडल्या पडल्या या पिल्लाला पोटावर घेऊन तासतासभर विंचरायची, एकेक पदर उचलून, मुळापर्यंत. "वरवर नको फिरवू," नोर्झोमला सांगायची, "बोट कातडीला लागलं पाहिजे." म्हणजे तिला ठाऊक होतं. गाठ कशी होते, कुठे होते, आत काय करते — सगळं ठाऊक असलेली बाई ती गाठ डोक्याखाली घेऊन पडून होती, आणि छान झालं म्हणत होती.

"आने," नोर्झोमने मान वर न करता विचारलं, "तिला दुखत असेल का हो?"

आनेने चहाचा पेला खाली ठेवला. कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही.

"मला काय ठाऊक? मी आले तेव्हा ती गेलेली." पेले गोळा करत म्हणाली, "तू विचारलं नव्हतंस?"

आवाजात टोचणी नव्हती. आने पेले घेऊन आत गेली.

केस एकमेकांतून निसटावेत म्हणून नोर्झोमने गाठीवर कॉर्नफ्लॉवर चोळलं. आकडीने मधोमध एक चीर दिली, बोटांनी दोन भाग केले, मग त्यातल्या एकाचे दोन. चार केस सुटले. आणखी चार. तळाशी कातडी दिसली — नाण्याएवढी, लाल, ओलसर. तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. कातडी तशीच लाल होती.

बोट तिथे टेकलं तसं पिल्लाने पुन्हा मान काढून घेतली. गुरगुरलं नाही, पळालंही नाही. वळलं, आणि तिच्या हाताखाली आपलं कपाळ आणून ठेवलं; तिथले केस मोकळे होते, तिथे दुखत नव्हतं. इथे विंचर, पुढून. तिने कंगवा उचलून पुन्हा कानामागे नेला, त्याने पुन्हा कपाळ पुढे केलं.

पुढूनच कर. बास. छान झालं.

कंगवा नोर्झोमच्या हातातच राहिला. तिला आमाचा राग आला. आणि त्या रागाखाली दुसरं जे होतं ते रागाहून जड होतं.

"दुखतंय?" तिने विचारलं. मग वाकून पुन्हा विचारलं.

पिल्लू कपाळ टेकून तसंच उभं राहिलं. गाठ अर्धी सुटलेली होती, अर्धी नव्हती.