गीत : पारंपरिक

"यो पारंपरिक कोन गो?" सगुणानं विचारलं, आणि शालनच्या घरात टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसलेली अख्खी आळी फिदीफिदी हसली.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. कोपरीच्या कोळीवाड्यात केबल तेव्हा मोजक्या घरांत आलेली. त्यात शालनचा टीव्ही मोठा, म्हणून रविवारी संध्याकाळी सगळ्यांचा मुक्काम तिच्याकडे. पडद्यावर सगुणाची भाची भागीरथी उभी होती. ओठ लालभडक, केस मोकळे, कपाळावर टिकली म्हणून कसलासा चमचमता खडा. खाली अक्षरं आली होती. सगुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून शालननं ती मोठ्यानं वाचली : गायिका रथी, संगीत बर्वे, गीत पारंपरिक.

"हसताव काय मेल्यांनो? बर्वे समाजला, तो डोंबिवलीचा मास्तर. यो दुसरा कोन? माजे गान्यावर याचा नाव कसा आयला?"

"मावशे, पारंपरिक मंजे मानूस नाय गो," शालन हसू दाबत म्हणाली. "जुना, पहिल्यापासून चालत आयलेला. कोनी केला ते म्हाईत नाय, असा."

"म्हाईत कसा नाय? मी केलाय! तुमचे डोल्यांपुढं जिती बसलीय ना मी?"

पण तोवर वाजंत्री सुरू झाली होती. गुडघ्याच्या वर लुगडी नेसलेल्या आठ पोरी हातात थर्मोकोलची वल्ही घेऊन उड्या मारायला लागल्या आणि भागीनं तोंड उघडलं :

"भरती आयली गो, होरी पान्यान सुटली..."

सगुणा ताडकन उभी राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं तिचंच होतं, पण शब्द तिचे नव्हते. 'सरली'चं 'आयली' केलं होतं, 'गालान'चं 'पान्यान' आणि 'रुतली'चं 'सुटली'.

आता ही सगुणा कोण, तर कोळीवाड्यातली धवलारीण. म्हणजे कुणाच्याही घरी लग्न निघालं की आधी हिला पान-सुपारी जायची. हळदीला नवरीशेजारी बसून ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायची आणि बाकीच्या बाया मागून तीच ओळ उचलायच्या. सकाळी ठाण्याच्या बाजारात मासळी, संध्याकाळी कुणाची तरी हळद, असा तिचा जन्म गेला. नवरा धाकू सरळ माणूस, खाडीत जाळं टाकायचा. पोटी मूल नाही. भाऊ गुणाजीची बायको लवकर गेली, तेव्हा त्याची भागी हिनंच वाढवली. भागी लहानपणापासून आत्याच्या मागे बसून ओळी उचलायला शिकली. गळा तिथेच तयार झाला, कुठल्या क्लासात नाही.

आणि ते गाणं? सगुणाची धाकटी बहीण जना दिवा गावात दिली होती. वऱ्हाड होडीनं आलं होतं. जेवणं उरकेपर्यंत ओहोटी लागली आणि नवऱ्याची होडी चिखलात अशी रुतली की दहा गडी लावूनही हलेना. नवरदेव घामाघूम, सासरा शिव्या घालतोय, आणि इकडे बायकांच्यात हसूच हसू. पुढची भरती येईपर्यंत जना आणखी एक दुपार माहेरी राहिली. बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. त्या दुपारी सगुणानं ते रचलं : "भरती सरली गो, होरी गालान रुतली, लेक माजी अजून घरान थांबली." पुढे वर्षाच्या आत जना बाळंतपणात गेली. पुन्हा काही ती माहेरी आली नाही. सगुणाला तिची मिळाली ती तेवढी एक दुपार जास्तीची, आणि ती 'रुतली' या एका शब्दात होती.

हे सगळं बर्वे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. कोपरीच्या गणपतीत भागी पहिली आली, मग कल्याणच्या एका हॉलमध्ये केबलवरच्या एका नव्या चॅनेलच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली, तिथे ती बर्वेंच्या नजरेत भरली. त्यांनी तिला डोंबिवलीला क्लासला बोलावलं. पहिल्याच आठवड्यात नाव बदललं. 'भागीरथी' फार जुनाट वाटतं म्हणे, म्हणून 'भागी' कापली आणि 'रथी' ठेवली. पुढे लोकगीतांची फेरी आली तेव्हा त्यांनी सगुणालाही बोलावून घेतलं. ती बाजार बुडवून गेली. पेटीवर बोटं फिरवत त्यांनी दोनदा गाणं म्हणवून घेतलं, तिनं जनाची सगळी हकिगत सांगितली. "वा, मावशी, काय शब्द आहेत! अगदी मातीतले," असं म्हणून मास्तरांनी चहा पाजला. बाई बिचारी खूश होऊन घरी आली.

टीव्हीवर गाणं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भागी घरी आली, तेव्हा सगुणा दारातच उभी होती.

"रुतली कुठं गेली गो?"

"आते, सर बोलले रुतली निगेटिव्ह वाटतं. कॉम्पिटिशन आहे ना. उडतं पाहिजे."

"आनि तो पारंपरिक?"

भागी खाली बघायला लागली. "लोकगीताची फेरी होती. त्याच्यात नवीन गाणं चालत नाय. कवीचं नाव टाकलं असतं तर बाद केला असता मला."

"मंजे गाना चालावा म्हनून मना मारलीस!"

"तसं नाय गो आते! फायनलला ही भानगड नसते. जिंकले ना, की माइक माझ्या हातात असेल. तेव्हा सगल्यांच्या समोर तुझं नाव घेते. एकवीरा आईची शपथ."

एकवीरेची शपथ म्हटल्यावर कोळ्याची बाई काय बोलणार? सगुणानं ते मानलं. एवढंच नाही, तर पुढचे दोन महिने फेरीमागून फेरी भागी जिंकत गेली तशी तीच बाजारात गिऱ्हाइकांना सांगत सुटली, "फायनल बगा हां! आमची भागी माजा नाव घेनार हाय."

फायनलला तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. शालननं तिला टीव्हीच्या अगदी समोर बसवलं. भागीनं तेच गाणं पुन्हा म्हटलं, तेच 'सुटली'. सगुणानं दात आवळून ऐकलं. निकाल लागला, भागी पहिली! फटाक्यांची माळ लागली, गुणाजी रडायला लागला. पडद्यावर भागीच्या एका हातात ट्रॉफी, दुसऱ्या हातात माइक. तिनं बर्वे सरांचे आभार मानले. चॅनेलचे मानले, पप्पांचे मानले, एकवीरा आईचे मानले, मेकअप करणाऱ्या बाईचेसुद्धा मानले. "आणि हे गाणं ज्या परंपरेनं मला दिलं, त्या माझ्या कोळी समाजाचे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगुणा पुढे झुकून वाट बघत राहिली. साबणाची जाहिरात लागली.

"संपला?" तिनं विचारलं.

"संपला, मावशे," शालन म्हणाली. तिला आता हसू येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भागी आली ती उघड्या जीपमधून, बँडबाजासकट. गळ्यात हार, मागे पोरांची झुंड. सत्कार उरकून गुणाजीच्या घरातली माणसं पांगली, तशी सगुणा आत शिरली.

"देवीची शपथ खाल्लीस, आनि मेकअपवालीचा नाव घेतलंस! लाज कशी नाय वाटली गो तुना?"

"आते, तोंडाशी आलं होतं!" भागीचा रंगवलेला चेहरा पार उतरला. "पण सर स्टेजवर जायच्या आधी बोलले, आता नाव घेतलंस तर आधी खोटं बोललीस असं होईल. ट्रॉफी जाईल. कॅसेटपन याच गाण्यावर निघतेय. मी काय करू?"

"सगुणे, पुरे आता," गुणाजी मध्ये पडला. "पोरीचा नशीब उघाडलाय, तर तुजी भुनभुन कनाला? एक गाना तो काय, त्याव तुजा शिक्का मारलाय?"

"तू गप रं! तुजी लेक हाय, माजी कोनी नाय काय?" सगुणा कडाडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. ती भागीच्या समोर जमिनीवर बसली. "आयक. माजा नाव नुको घेऊस. जाऊदे, मेला तो नाव. पन कॅसेटमदी रुतली बोल. आमचे जनाची होरी रुतलेली गो. सुटली बोलशील तर ती त्याच घडीला गेली असा होतंय. येवरा एक शब्द दे मना."

भागी रडायला लागली. "रेकॉर्डिंग झालं, आते," ती म्हणाली.

सगुणा उठली आणि घरी गेली. धाकूनं जेवायला वाढलं, ते तिनं तसंच झाकून ठेवलं. त्या दिवसापासून तिनं भागीचं नाव टाकलं. कुणी विषय काढला की ती अशा शिव्या हासडायची की समोरचा कानांवर हात ठेवायचा. भागी मग अंधेरीला राहायला गेली. कॅसेट निघाली आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक रिक्षात 'सुटली, सुटली' सुरू झालं.

वैशाखात आळीतल्या हौसाबाईच्या लेकीची, मालनची हळद होती. सगुणाला पान-सुपारी आली. दिवसभर मांडवात भागीचीच कॅसेट लागली होती, पण नवरी पाटावर बसल्यावर हौसाबाईनं ती बंद करायला लावली. "आता धवला म्हन," ती म्हणाली. सगुणाला बरं वाटलं. तिनं हात हळदीच्या वाटीत घातला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"भरती सरली गो, होरी गालान रुतली..."

"होरी पान्यान सुटली!" मागून बायांनी ओळ उचलली.

सगुणा थांबली. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "रुतली."

"सुटली!" आता पोरीसोरी हसायला लागल्या. हौसाबाईची कॉलेजात जाणारी पुतणी पुढे सरकून म्हणाली, "मावशे, तू चुकतंस. रुतली नाय, सुटली. मना पुरा पाठ हाय, मी सांगू?"

"चुकतंय?" सगुणाचे डोळे पेटले. "मना शिकवतंस? गाना माजा हाय गो! मी रचलाय!"

मग हौसाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय गो बाय, तुजाच. आपले सगल्यांचाच हाय तो. पन शुभकार्य हाय, रुतली कनाला बोलाचा? सुटली बोल."

हौसाबाई ते मायेनं बोलली होती, आणि मायेला शिवी घालता येत नाही. सगुणाच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच राहिलं. उठून जावं, वाटी भिरकावून द्यावी, असं तिला फार वाटलं. पण धवला अर्धा टाकायचा नसतो, त्याचा दोष नवरीला लागतो. आणि पाटावर मालन बसली होती, हात पुढे करून, आपलं काही चुकलं का या भीतीनं तिच्याकडे बघत.

पुतणीनं पहिली ओळ धरली. बाकीच्या बायांनी आवाज मिसळला. सगुणानं मालनचा हात आपल्या हातात घेतला, त्याच्यावर हळद लावली आणि सगळ्यांच्या मागून म्हणाली, "सुटली."