पहिल्या नारळाची वंशावळ

हनुमंत घाऱ्यांना या सगळ्यातून मिळवायचं होतं ते एवढंच: चैत्रातल्या यात्रेला भैरवनाथाची पालखी देवळातून निघताना पायरीवर पहिला नारळ फोडायचा मान. नारळासोबत काय काय येतं, तेही त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. फेटा येतो. पालखीच्या पुढं चालणं येतं. आणि मुख्य म्हणजे पारावरचे लोक उठून जागा देतात. लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला त्यांचे दोन बंगले शनिवार-रविवारी भाड्यानं जात, मुंबईची पाहुणेमंडळी त्यांना 'अंकल' म्हणत. पण तिकोणा पेठेजवळच्या मूळ वाडीत त्यांचं नाव 'बंगलेवाला' एवढंच उरलं होतं, आणि बंगलेवाल्यासाठी पारावरून कुणी उठत नाही.

मान घाऱ्यांच्या भावकीचा, यावर वाडीत दुमत नव्हतं. प्लेगच्या साली गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा सईबाई घारे एकटी मागं राहिली आणि देवळातला दिवा तिनं विझू दिला नाही. गाव परतल्यावर पंचांनी ठरवलं, पहिला नारळ सईबाईच्या लेकरांचा. लेकरं तीन: बाळोजी, धर्माजी, तुकोजी. थोरल्या बाळोजीच्या पातीत, म्हणजे शाखेत, हल्ली कोंडाजी आबा होते. ऐंशी ओलांडलेले. गेल्या दिवाळीत आबांनी जाहीर केलं, की औंदाचा नारळ शेवटचा. आता हात थरथरतो, फोडायला जावं नारळ आणि फुटावं बोट. नारळ फोडून तिथंच पायरीवर मान दोन नंबरच्या पातीकडं देईन. आबांना मुलगा नव्हता. मुलगी होती, शालूबाई, नवऱ्यामागं बापाकडंच राहायला आलेली. तिला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि भावकीचं म्हणणं असं, की तिच्याही मनात आलं नाही.

आता दोन नंबर कोण? धर्माजीची पाती म्हणजे हनुमंतराव. तुकोजीची पाती म्हणजे महिपती, जो वाडीतच राहून नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. धर्माजी मोठा की तुकोजी, हे खात्रीनं सांगणारं माणूस कधीच निघून गेलं होतं.

हनुमंतरावांनी हा प्रश्न कसलंही भांडण न करता सोडवून ठेवला होता. वंशावळ मांडायची एक वेबसाइट असते. तिच्यावर त्यांनी चार-पाच वर्षं बसून घाऱ्यांचं अख्खं झाड उभं केलं होतं. साइट साधी होती. पांढरं पान, करड्या चौकटी. भावंडं तुम्ही ज्या क्रमानं टाकाल त्या क्रमानं उभी राहायची, आणि एखाद्याला अलीकडं-पलीकडं सरकवायचं तर एक छोटा बाण होता. त्या बाणानं हनुमंतरावांनी धर्माजीला दुसऱ्या जागेवर नेऊन बसवलं. कुणी हरकत घेतली नाही. तोंडी सांगितलं असतं तर दहा जणांनी घेतली असती, पण हे पडद्यावर आलं होतं. लग्नकार्यात लोक त्यांच्या फोनवर आपापली चौकट शोधायचे आणि सापडली की बायकोला दाखवायचे.

जन्मसाल त्यांनी तिघांपैकी फक्त तुकोजीचं भरलं होतं. महिपतीच्या आईनं सांगितलं होतं, मोठ्या दुष्काळात जन्मला, म्हणून १८७६. धर्माजीची जागा कोरी ठेवली, ती विचार करूनच. जे लिहिलेलं नाही त्याचा पुरावा कुणी मागत नाही. शिवाय महिपतीनं आपली पाती आपणच भरावी, टायपिंग वाचावं, म्हणून त्यालाही झाडात बदल करायची मुभा देऊन ठेवली होती. आणि यंदा तर यात्रेच्या पत्रिकेवर झाडाचा क्यूआर कोड छापून घेतला. पत्रिका घरोघर वाटून झाल्या.

फाल्गुनात साइटनं रूप बदललं.

सकाळी चहाबरोबर उघडली तर पांढरं पान गेलेलं, चौकटी गेलेल्या, सगळे पूर्वज गोल गोल होऊन रंगीत रेषांना लोंबत होते. ज्यांचे फोटो नव्हते त्यांच्या जागी सावलीसारखं एक डोकं. हे चाललं असतं. पण बाण गेला होता. भावंडं आता जन्मसालानं आपोआप लागत होती, आणि ज्याला साल नाही तो सगळ्यांच्या शेवटी. तुकोजी पहिला. त्याच्यामागं बाळोजी आणि धर्माजी, दोघांच्या खाली 'जन्म अज्ञात'.

'जुनं रूप पाहा' असं एक बटण पहिले काही दिवस कोपऱ्यात होतं, मग तेही गेलं. हनुमंतरावांनी मदत केंद्राला लिहिलं, की आमचा बाण परत द्या. उत्तर आलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. नव्या रूपाची ओळख करून देणारा व्हिडिओ त्यांनी बघितला; त्यातली बाई इतक्या आनंदात होती, की तिच्या भावकीत नारळाचा मान नसणार हे उघड होतं.

शेवटी त्यांनी साल भरलं. आबांच्या बाळोजीला १८७२, धर्माजीला १८७४. क्रम जागेवर आला. फक्त नव्या रूपात आणखी एक सोय होती, ती त्यांना ठाऊक नव्हती: कुणी काही बदललं, की झाडातल्या प्रत्येकाच्या फोनवर निरोप जायचा. 'हनुमंत घारे यांनी धर्माजी यांचा जन्म बदलला.'

महिपतीनं तो निरोप कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचला. त्यानं फोन केला, आवाज अगदी मऊ.

"हनुमंतभाऊ, धर्माजीबाबाचा जन्मदाखला घावला म्हणं? आमच्याबी बाबाचा बगा की तितंच कुटं असला तर."

हनुमंतराव म्हणाले, अंदाज आहे, साइटच मागते. महिपती म्हणाला, मग अंदाज आम्हालाही येतो. जेवणाची सुट्टी संपायच्या आत तुकोजी १८७३ साली जन्मला.

पुढचे काही दिवस घाऱ्यांचे पूर्वज झपाट्यानं म्हातारे होत गेले. धर्माजी १८७१ वर सरकला. आता हनुमंतराव न्यायाचे, आबांचा बाळोजी थोरला राहिलाच पाहिजे, म्हणून त्यालाही मागं ढकलणं आलं: १८६९. महिपतीला एकच पूर्वज ढकलायचा होता, त्याचं काम निम्म्यात व्हायचं. त्यानं १८७० केलं. हनुमंतरावांनी धर्माजीला १८६८ आणि बाळोजीला १८६६ दिलं, तेव्हा पडद्यावर नारिंगी त्रिकोण उमटला: 'जन्मावेळी आईचं वय ८. कृपया तपासा.' सईबाईचं साल १८५८ होतं. बंडाच्या दुसऱ्या वर्षाची, असं आबाच सांगत. बदल काही साठवला जाईना.

महिपती पुढंच होता, पण सालांचा खेळ कायमचा मिटवावा म्हणून इथं त्याचं डोकं चाललं. पूर्वी जोडीदार जोडायचा तर तीन-चार ठिकाणी बोट दाबावं लागायचं. नव्या रूपात वरच मोठं हिरवं बटण होतं. सईबाईच्या नवऱ्याला, म्हणजे रावजीला, त्यानं आणखी एक बायको जोडली. 'थोरली बायको. नाव माहीत नाही.' आणि तुकोजीला उचलून तिच्या पोटी घातलं. थोरलीचा मुलगा तो थोरला, मग साल काही असो. भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं असंही लिहिलं, की आजीच्या तोंडून हे ऐकलं होतं. ती आजी तो पाळण्यात असतानाच वारली होती. ग्रुपवर कुणी अंगठा दिला, कुणी हात जोडले.

हनुमंतरावांनी एक दिवस झाड वर-खाली सरकवून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की या थोरल्या बायकोला जन्मसालच नाही. म्हणजे तिला मूल कधीही होऊ शकतं. त्यांनी बाळोजी आणि धर्माजी दोघांनाही तिच्याकडं नेलं, १८६६ आणि १८६८ लावलं, आणि नारिंगी त्रिकोण नाहीसा झाला. त्या समाधानात त्यांनी सुनेला पुन्हा चहा टाकायला सांगितला. झाड आता निर्दोष होतं, कुठंही तपासा म्हणत नव्हतं. सईबाई एका बाजूला उरली. तिच्याखाली कुणी नसल्यामुळं नव्या रूपानं तिला घडी घालून एका टिंबामागं ठेवलं. बोट दाबलं तरच दिसायची.

यात्रेच्या दिवशी आबा पायरीवर आले, धुतलेलं धोतर, हातात नारळ. मागं शालूबाई. एका अंगाला हनुमंतराव, दुसऱ्या अंगाला महिपती, दोघांनीही नवे सदरे शिवलेले. ढोल थांबले. तेवढ्यात सरपंच राजेश्वरीताई पुढं झाल्या. त्या दुसऱ्या भावकीच्या, यात्रा कमिटीच्या अध्यक्ष. एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात फोन. त्यांचा आवाज चढला नाही. एक विचारायचं होतं, म्हणाल्या.

"नारळ सईबाईच्या लेकरांचा, व्हय ना आबा?"

"व्हय."

"मग हितं सईबाईला लेकरूच न्हाई."

त्यांनी टिंबावर बोट दाबून सईबाई उघडली आणि फोन फिरवला. पंचांनी पाहिला, मग कमिटीनं. ज्यांच्याकडं पत्रिका होती ते आपापल्या फोनवर बघू लागले. हनुमंतराव आणि महिपती फाल्गुनापासून पहिल्यांदाच एका सुरात बोलले: साइटचं नवं रूप आहे, सगळं उलटंपालटं करते. राजेश्वरीताईंनी बदलांची यादी उघडली. नव्या रूपात ती कुणालाही दिसते.

"साइट कुटं? हितं तर तुमची दोगांची नावं हायती. तुमीच काढलं, आमी न्हाई."

पंचांना ते पटलं, किंवा पटवून घ्यायला आवडलं. मान गावानं दिला होता तो सईबाईच्या वंशाला. घाऱ्यांनी स्वतःच लिहून, छापून, गावभर वाटून सांगितलंय की आपण तिचे नव्हे. तेव्हा यंदापासून नारळ गावातल्या पाची भावक्यांनी पाळीपाळीनं फोडावा. पहिली पाळी कुणाची, यावर थोडी चर्चा झाली आणि ती राजेश्वरीताईंच्या भावकीवर येऊन थांबली.

आबांना यातलं निम्मं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी नारळ तसाच धरून शालूबाईला विचारलं,

"मग मी कुणाचा?"

"जिचं नाव म्हाईत न्हाई त्या बाईचे," शालूबाई म्हणाली. हे तिनं बापाला सांगितलं, पण बघितलं दोघा चुलतभावांकडं.

आबांनी नारळ पायरीवर ठेवला आणि बाजूला झाले. राजेश्वरीताईंच्या दिरानं तो उचलला. एका दणक्यात फुटला.

पुढच्या आठवड्यात हनुमंतरावांनी तिन्ही पोरं सईबाईला परत केली आणि साल होतं तसं लावलं. बदलाचं कारण लिहा, असं साइटनं विचारलं. त्यांनी 'दुरुस्ती' लिहिलं. निरोप सगळ्यांना गेला. कुणी उघडून पाहिला नाही.

आता कोणाचं काय गेलं ते बघू. हनुमंतरावांचं फारसं काही नाही. पारावर त्यांच्यासाठी कुणी आधीही उठत नव्हतं. महिपतीची एक सुट्टी गेली आणि हाक मारायला एक भाऊ कमी झाला, जो त्याला विशेष आवडत नव्हताच. राजेश्वरीताईंना न मागता मिळालं. सईबाईला दिव्याचं जे मिळालं होतं ते पाच ठिकाणी वाटलं गेलं. शेवटचा नारळ मात्र न फोडता राहिला कोंडाजी आबांचा, आणि त्यांनी तर जन्मात त्या साइटला बोट लावलं नव्हतं.