मालनबाईच्या कमरेचा फोटो

फळी सरकत सरकत बोगद्यात शिरायला लागली, तशी मालनबाईनं बोंब ठोकली, "पुनम! मला पॉलिश करून राहिलेत गं!"

तिचं अवघं आयुष्य वसमतकडं हळदीत गेलेलं. वाळली हळद ज्या ड्रममध्ये घालून पॉलिश करतात, तसाच हा बोगदा दिसला, फक्त पांढरा. कंबर धरली म्हणून डॉक्टरनं 'एमआरआय करून आणा' एवढंच सांगून हिंगोलीला धाडलेलं. बाई फळीवरून उतरली ती थेट रस्त्यावर. सून पुनम चपला घेऊन मागं.

पुनमनं चहा पाजून परत आणलं, तेव्हा मशीन चालवणारा स्वप्निल बाहेर येऊन शेजारी बाकड्यावर बसला.

"मावशी, आधी सांगायला पाहिजे होतं, चुकलंच. आता काय विचारायचं ते विचारा."

"सुई टोचतूस?"

"तुमाला न्हाई."

"मग मंगळसूत्र काहून काढायचं?"

"आत मोठ्ठं चुंबक हाय. अंगावरचं समदं सुनेपाशी द्या. आवाज लई येईल, ठाणठाण, घर्रर्र. मशीन बिघडलं असं समजू नका. दुखणार न्हाई, पण अर्धा तास हलायचं न्हाई. हा रबरी गोळा हातात धरा. जीव घाबरला की दाबा, मी लगेच येतो."

फळीवर आडवी होताच बाईनं गोळा दाबला. स्वप्निल धावत आला.

"काय झालं?"

"काय न्हाई. येतूस का पाहिलं."

मग ती गेली आत. ठाणठाण सुरू झालं आणि तिला गाढ झोप लागली. अशी घोरली की अंग हललं, फोटो पुसट आले. पुन्हा सगळं पहिल्यापासून! या खेपेला तिनं मनातल्या मनात गावातल्या एकेका घराची भांडणं आठवली. डोळा लागला न्हाई.

बाहेर तांड्यावरची जमनाबाई पदर तोंडाला लावून आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. मालनबाईनं तिचा हात धरला आणि मंगळसूत्रापासून रबरी गोळ्यापर्यंत सगळं समजावलं.

जमनाबाईनं मन लावून ऐकलं. मग उठून स्वप्निलपाशी गेली.

"बाबा, बाकी समजलं. ही म्हनती, आत भांडणं आठवायची. कोणाची आठवू?"