भोंग्याने गिळलेली शिट्टी

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, आखातातल्या रुवी इथल्या आमच्या बस स्थानकाच्या पोटात दोन फलाट आहेत, हे वर रोज बस पकडणाऱ्यांनाही ठाऊक नाही. त्यांतल्या दुसऱ्या फलाटाच्या खांबावर मी लटकलेला आहे. वर नवी इमारत झाली, जिन्याला कुलूप लागले आणि मला काढून न्यावे असे कुणालाही वाटले नाही.

माझे तरुणपण मोठे थाटाचे होते. जाफर नावाचा रत्नागिरीकडचा माणूस माझ्यातून घोषणा करी. निझवा, सूर, सोहार ही गावांची नावे तो अशी घेई की पेंगणारे प्रवासीही पिशव्या उचलत. लोक म्हणत, "काय आवाज आहे!" आवाज त्याचा, पण फुशारून मी जात असे.

धनंजय हा आमचा सुपरवायझर. एका दुपारी त्याने खिडकीतून हाक दिली, "जाफर, सोहारची गाडी खलास!" आखातात काम आटोपले की 'खलास' म्हणतात. गाडीची दुरुस्ती आटोपली, माणसे बसवा, असे त्याला म्हणायचे होते. आपल्या मराठीत मात्र खलास म्हणजे संपली! जाफरने गाडी रद्द झाल्याचे सांगितले. सोहारच्या कारखान्यांतले कामगार निघून गेले आणि बस रिकामी धावली. चौकशीत धनंजयने कानांवर हात ठेवले. "मी 'गाडी तयार' म्हणालो होतो. हा कामावर झोपतो," असे सांगून तो मोकळा झाला. जाफरची नोकरी गेली. त्याने सीबच्या बाजारात कापडाचे दुकान टाकले, पण 'झोपाळू जाफर' हे नाव तिथेही त्याला चिकटले. मी सगळे ऐकले होते. मला तोंड होते, पण स्वतःचे शब्द नव्हते. तेव्हापासून मी डूख धरून होतो.

परवा कुलूप उघडले. बंद फलाट पाहायला माणसे उतरली. त्यांत इंजिनीयर झालेली जाफरची मुलगी अफशीन होती. म्हाताऱ्या अब्बांना तिने सोबत आणले होते. दोघे माझ्याच खांबाखाली थांबले. पलीकडच्या टोकाला, घोषणेच्या काचेच्या खोलीत, सल्लागार म्हणून आलेला धनंजय बसला होता. जाफर आल्याचा त्याला पत्ताच नव्हता. उत्तम नावाच्या वायरमनने तिथूनच मला वीज जोडली आणि त्यांच्यापुढचा माईक चालूच राहिला.

मित्रांनो, माईक असा उघडा राहिला की भोंगा शिट्टी मारतो आणि माणूस सावध होतो. त्या दिवशी मी शिट्टी गिळली. मनात म्हटले, बोल मेल्या, बोल.

"सर, तो झोपाळू जाफर इथंच बसायचा ना? ड्रायव्हर लोक अजून सांगतात," उत्तमने विचारले.

"कसला झोपाळू!" धनंजय हसला. "'खलास' मीच बोललो होतो. कबूल केलं असतं तर माझाच व्हिसा कॅन्सल झाला असता. दिलं त्याच्यावर ढकलून."

एक अक्षरही मी सांडले नाही. इतका स्वच्छ मी तरुणपणीही बोललो नव्हतो.

"अब्बा, यू हर्ड दॅट?" अफशीन ओरडली. जाफर थेट काचेच्या खोलीत शिरला. त्याला पाहून धनंजय पांढराफटक पडला.

"जाफरभाई, जुनी गोष्ट आहे. विसरून जा ना."

"विसरतो, साहेब." जाफरने माईक त्याच्यापुढे सरकवला. "आधी हेच परत बोला. माझं पूर्ण नाव घेऊन बोला. आणि जोरात, वर जुने ड्रायव्हर बसलेत."

धनंजय बोलला. त्याचा आवाज चिरकत होता आणि मी तो मुळीच सावरला नाही. जिन्यावर माणसे गोळा झाली. मला फार बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा. तेवढे जमले नाही, तर निदान आमच्यादेखत कुणाच्या पोटावर पाय देऊ नका. आम्हांला सांगता येत नाही, म्हणूनच आम्ही विसरत नाही.