चौथी शिट्टी

"मानवाच्या इतिहासात तीनच खरे शोध लागले. पहिला अग्नीचा, दुसरा चाकाचा आणि तिसरा धुडकूबाबांच्या बफरचा."

हेमराजने हे वाक्य नवागामच्या आपल्या घरात, बनियन-टॉवेलवर, कपाटाच्या आरशासमोर उभं राहून म्हटलं. स्वयंपाकघरातून त्याची बायको रंजना म्हणाली, "मग पहिला शोध तेवढा लावून द्या. लायटर सापडत नाहीये."

बफर म्हणजे काय हे सुरतेत सांगावं लागत नाही, बाहेर लागतं. लूममध्ये आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला मारणारी काठी दर फटक्याला परत येऊन आपटते. तिने लोखंडावर आपटू नये म्हणून मध्ये रबराचा ठोकळा बसवतात, तो बफर. थोडक्यात, दुसऱ्याने आपटायचं आणि आपण सोसायचं, हे त्याचं काम. घराघरातल्या बायका हे काम रबराच्या कितीतरी आधीपासून करत होत्या, पण त्याला कोणी शोध म्हटलं नाही.

पूर्वी बफर चामड्याचे असत आणि वाळून फुटत. हेमराजचा बाप धुडकू अमळनेरकडून येऊन लूमवर लागला होता. त्याने टायर रिमोल्डच्या दुकानातून कच्च्या रबराचे तुकडे आणले, लोखंडी साच्यात दाबले, शिजवले, आणि नवागामातला पहिला रबरी बफर घरच्या खोलीत तयार झाला. पुढे खोलीचा कारखाना झाला. धुडकू वारला, पण शोध लावायची खोड घरात राहिली. हेमराजने कधी न झिजणारी चप्पल शोधली. ती वाकतही नसे, त्यामुळे घालणारा माणूस दुरून परेडला निघाल्यासारखा दिसे. हेमराजच्या मुलाने, कुंदनने, कुकरच्या शिट्ट्या मोजणारं ॲप केलं. ते साऱ्या गल्लीच्या शिट्ट्या मोजी. शेजारच्या सुवर्णाची डाळ शिजली की रंजनाचा फोन रंजनाचं अभिनंदन करी.

रंजनाच्या स्वतःच्या कुकरला शिट्टी होतच नव्हती. त्याला हेमराजने घरी बनवलेली रिंग होती आणि वाफ शिट्टी सोडून सगळीकडून बाहेर पडे. बाजारची रिंग घरात आणायला बंदी होती. रबराच्या घराण्याने रबर विकत घेणं म्हणजे काय ते.

त्या दिवशी कारखान्याची पन्नाशी होती. गोडादऱ्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम, समाजाचे अध्यक्ष सुकलाल पाहुणे, आणि पितळी फलकाचं उद्घाटन. फलक सकाळी कुंदनने रिक्षातून घरी आणला, भिंतीला टेकवला आणि वाचून दाखवला.

"'पूज्य धुडकूबाबांनी खडतर तपश्चर्येतून चार शिट्टी पद्धत शोधून काढली.'"

इथवर बरं होतं. नीट शिजलेल्या रबराला सुरतेच्या बाजारात अजून चार शिट्टी माल म्हणतात. आता विजेचे प्रेस आलेत, त्यांना शिट्टी नसते, तरी व्यापारी ठोकळा नखाने दाबून विचारतोच, "चार शिट्टी छे ने?"

"'चार शिट्ट्या म्हणजे चार मूल्यं: श्रम, संयम, संस्कार आणि सेवा. या कार्यात त्यांना पत्नी मंगलाबाई यांची मूक साथ लाभली.'"

मंगलाबाई कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"काय लाभनी?"

"मूक साथ, आजी."

"मुकी कोन रे?"

"तू नाय गं. एटले के, ए तो रिस्पेक्टनो शब्द छे."

"हेमराज," म्हातारी म्हणाली, "मी मुकी व्हतू का?"

हेमराजने आरशातूनच उत्तर दिलं. "आई, फलकावर असंच लिहितात. सगळ्यांच्याच बायकांची असते."

"ते दोन शब्द काढ."

"पितळेत कोरलेत ते. पुसता येत नाहीत."

"तुमी आख्खं घर शोध लावतस. पितय पुसानाबी लाव."

तिचा राग समजायचा तर तो दिवस ठाऊक हवा, आणि तो गल्लीतल्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे, कारण तो त्यांनी आपापल्या घरात बसून ऐकला होता. मंगलाबाईला माहेराहून रुखवतात कुकर मिळाला होता. नवागामच्या त्या ओळीत तो पहिलाच. बायका डाळ शिजवायला नाही, नुसती शिट्टी ऐकायला यायच्या. धुडकू तेव्हा उघड्या पातेल्यात रबर उकळत असे, आणि ते शिजायच्या ऐवजी चिकट होऊन त्याच्या मिशांना लागे. एक दिवस मंगलाबाई नळावर गेली. परत येते तो स्टोव्हवर तिचा कुकर, कुकरात लोखंडी साचा, साच्यात टायरचं रबर आणि खरजेच्या औषधातला उरलेला गंधक. धुडकू म्हणाला, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर," आणि कामावर निघून गेला. तीनच का, तर डाळीला तीन लागत. विज्ञान तेवढंच होतं.

मंगलाबाईने स्टोव्ह बंद केला नाही. ती कुकरसमोर मांडी घालून बसली आणि नवऱ्याला, त्याच्या रबराला आणि त्याच्या सगळ्या नातेवाइकांना नावानिशी बोलत राहिली. तीन शिट्ट्या होऊन गेल्या. तिचं नणंदांपर्यंतच आलं होतं. चौथी झाली तेव्हा ती थांबली, कारण रॉकेल संपलं.

संध्याकाळी धुडकूने साचा उघडला. ठोकळा घट्ट, चिवट, जमिनीवर टाकला तर उसळून छताला लागला. धुडकू नाचला. कुकरला मात्र गंधकाचा असा वास लागला की त्यात पुन्हा कधी अन्न शिजलं नाही. तो कारखान्याचा झाला. नवा आणून देतो, असं धुडकू मरेपर्यंत म्हणत होता, आणि तो मरेपर्यंत मंगलाबाईने डाळ पातेल्यात शिजवली. घरात पुढचा कुकर आला तो रंजनाच्या रुखवतात.

दुपारी सगळे हॉलमध्ये पोचले. स्टेजवर काचेच्या पेटीत तोच जुना कुकर ठेवला होता, वर झेंडूची माळ, खाली चिठ्ठी: 'धुडकूबाबांचे पहिले यंत्र'. मंगलाबाई पहिल्या रांगेत बसली. तिने ती चिठ्ठी शेजारणीकडून वाचून घेतली. रंजनाने हळूच नवऱ्याला सांगितलं, "आई गप्प आहेत. काहीतरी करा."

"गप्प आहे ते चांगलंच ना," हेमराज म्हणाला. पंचावन्न वर्षं तो त्या बाईचा मुलगा होता.

त्याने भाषण केलं. अग्नी, चाक, बफर. टाळ्या झाल्या. सुकलालांनी फलकावरचा पडदा ओढला आणि ठणठणीत आवाजात तो वाचला. मूक साथ लाभली, म्हणताना त्यांनी मंगलाबाईकडे बघून हात जोडले, आणि आता मातोश्री आपल्याला आशीर्वाद देतील, असं म्हणून माइक पुढे केला. आशीर्वाद द्यायला बायका सहसा माइक घेत नाहीत. मंगलाबाईने घेतला.

"तो कुकर मना शे," ती म्हणाली. "हेमराजना बापना नही. मना बापनी दिन्हा व्हता."

लोक हसले. तिने हसणं संपू दिलं.

"तपश्चर्या कोन्ही करी नही. तो कामवर व्हता. तीन शिट्टीसमा दाय शिजस, त्याले तेवढंच माहीत. चौथी शिट्टी ना श्रमनी, ना संस्कारनी. ती मना रागनी शे. मी बोली ऱ्हायंती म्हनीसन ती व्हयनी. मी मुकी ऱ्हायतू तर तुमना रबर कच्चा ऱ्हायता." तिने फलकाकडे बोट केलं. "आते ह्या पोऱ्यानी पितयवर लिखं, मुकी. पन्नास वरीस मी बोलनू, अन् त्यास्ले मुकीच ऐकू उनी."

मागच्या रांगेतून एक म्हातारा कारागीर म्हणाला, "खरं शे. माले तिसऱ्या घरात ऐकू येत व्हतं." नात्याने नणंद लागणाऱ्या सुवर्णाच्या सासूने मान डोलावली. आपल्या नावाचा त्या दिवशी उल्लेख झाल्याचं तिला अजून आठवत होतं.

हेमराजचा चेहरा त्याच्याच कारखान्यातल्या मालासारखा झाला. "आई, चार लोकांत बापाची इज्जत घालवलीस."

"त्यानी मना कुकर घालवा. फिटंफाट."

सुकलाल हे अनुभवी अध्यक्ष. प्रसंग सावरायचा तर पदवी द्यायची, हे त्यांना माहीत होतं. "बंधू-भगिनींनो, आजपासून आपण मंगलाबाईंना रबरमाता म्हणू या."

"माले कोन्हीबी माता म्हनू नका," मंगलाबाई माइकमध्येच म्हणाली. "ते दोन शब्द काढा. तोवर मी उठाव नही."

ती उठली नाही. जेवणाच्या पंगती अडल्या. आचाऱ्याने दोनदा येऊन भात गार होतोय म्हणून सांगितलं. समाजाचा कार्यक्रम तत्त्वावर कधी थांबत नाही, भातावर मात्र वळतो. शेवटी हेमराज कुंदनला म्हणाला, "जा, समोरच्या पंक्चरवाल्याकडून एक पॅच आण. अन् सोल्युशन."

कुंदनने आणलं. हेमराजने सगळ्यांसमोर पितळ घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि 'मूक साथ'वर काळा पॅच दाबून बसवला. तोही त्याच्याच कारखान्याचा निघाला.

"आता इथे काय लिहू?" कुंदनने पांढरा मार्कर उघडला.

"राग लिख."

कुंदन गुजराती शाळेत शिकलेला. त्याने सुबक अक्षरात लिहिलं. फलक आता म्हणत होता: या कार्यात त्यांना पत्नी मंगलाबाई यांची राग लाभली.

"यांचा राग लाभला, असं पाहिजे," सुकलाल म्हणाले. "व्याकरण चुकलं."

"चुकू द्या," मंगलाबाई म्हणाली. "आते खरं तर व्हयनं."

मग ती उठली. पंगती बसल्या. काचेच्या पेटीतली चिठ्ठी रंजनाने जाता जाता काढून पदराखाली घेतली, ते कोणी पाहिलं नाही, किंवा सगळ्यांनी पाहिलं.

हेमराज पंगतीत आईशेजारी येऊन बसला. पुष्कळ वेळ तो वरणात बोट फिरवत राहिला. मग डोळे भरून, खरोखरच भरून, म्हणाला, "आई, चुकलं माझं. सांग, काय करू? कारखान्याला तुझं नाव देतो. पाटी उद्याच बदलतो. धुडकू काढतो, मंगला टाकतो. की बारडोलीला नवं शेड उभं राहतंय, ते तुझ्या नावाने करू? तू म्हणशील ते. आज माग."

मंगलाबाईने घास संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"घर येताना कुकरनी एक रिंग लई ये," ती म्हणाली. "बजारनी."