विठाबाईंचं रक्त मी गाळलं

मित्रांनो, मी एक जुनं डायलिसिस मशीन आहे. सोमाटण्याजवळच्या एका हृदयरुग्णालयात राहतो. जुना असल्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटावी असं मी काही केलेलंच नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतात ती इथली पहिली नऊ वर्षं. मूत्रपिंड थकलेल्या माणसांचं रक्त एका नळीतून घ्यायचं, गाळायचं आणि दुसऱ्या नळीतून परत द्यायचं, हे माझं काम. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ असायची. मग चकचकीत पडद्यांची नवी मशीनं आली आणि माझे दोष दिसू लागले. दोष एकच, नळीत जरा अडथळा आला की मी ओरडतो. ‘रडकं मशीन’ असं नाव ठेवून मला सामानाच्या खोलीत ढकललं. दोन वर्षं मी तिथं मोडक्या खाटांच्या शेजारी काढली. फार वाईट वाटायचं.

यंदा परंदवडीच्या विठाबाई आल्या. त्यांच्या हृदयाची झडप बदलली. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर शरीर पेटून उठलं. मित्रांनो, जखम झाली की शरीर लढायला धावतं. कधी कधी ते इतकं चवताळतं की स्वतःच्याच घरावर चालून जातं. विठाबाईंच्या रक्तात दाह वाढवणारे पदार्थ साठले. औषधं वाढवली तरी रक्तदाब घसरतच राहिला.

नवी मशीनं दुसऱ्या रुग्णांना लागलेली होती. डॉक्टर राजेश्वरी म्हणाल्या, "त्या जुन्याला आणा. गुण येईलच असं नाही, पण नुसती वाट बघण्यात अर्थ नाही."

मला नीट तपासलं. मग माझ्या नळीला बारीक मण्यांनी भरलेलं नवं नळकांडं जोडलं. रक्त त्यातून गेलं की ते दाहक पदार्थ मण्यांना चिकटून राहतात. मी जीव ओतून रक्त फिरवू लागलो.

दुपारी चारला भेटायच्या वेळेत विठाबाईंचे यजमान जानूआबा आले आणि पाच मिनिटांनी गेले. लगेच मी थांबलो आणि ओरडलो. सिस्टर अनितांनी आवाज बंद केला. मी पुन्हा ओरडलो.

"रक्त गोठेल नळीत. काढा याला," डॉक्टर म्हणाल्या.

"मॅडम, एक मिनिट द्या," अनिता म्हणाल्या. त्या कान्हे गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. "शेतात पाणी येईना तर आमचे वडील मोटरीला शिव्या देत नाहीत. आधी पाइपावरून चालत जातात."

त्यांचा हात नळीवरून सरकत चादरीखाली गेला. तिथं नळीभोवती एक लोकरी शाल घट्ट गुंडाळलेली होती आणि आत नळी दुमडली होती. शाल सोडली, नळी सरळ केली, तसा मी पुन्हा सुरू झालो.

जानूआबांना बोलावलं. ते कसेबसे म्हणाले, "रगत भाईर फिरतंय, गार पडंल म्हून गुंडाळली, ताई. लय चुकलं माजं."

"मायेनं केलंत, आबा. पण नळीला हात लावायचा नाही. ऊब द्यायची सोय आम्ही केलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्तदाब टिकवायचं औषध निम्म्यावर आलं, तिसऱ्या दिवशी बंद झालं. "सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं," डॉक्टर म्हणाल्या. खरं आहे, पण माझा वाटा मी सोडणार नाही.

वॉर्डात जाताना विठाबाईंनी चाकाची खुर्ची माझ्यापाशी थांबवली. जानूआबांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या हसल्या. "तुमी तर मला शालीत गुंडाळून धाडलंच व्हतं. ह्यो वरडला म्हून मी हाय."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, तपासा, वापरात ठेवा. आणि यंत्र असो की माणूस, सारखं ओरडणाऱ्याचं तोंड दाबण्याआधी त्याचं कुठं अडलंय ते बघा.

आता मी अतिदक्षता विभागात उभा असतो. अजूनही ओरडतो. आता सगळे धावत येतात.