नको, राहू दे

फोन आला तेव्हा आम्ही ऑफिसात ‘नको’ हे कसं लिहायचं यावर वाद घालत होतो.

वेबसाइट वाचताना मध्येच एक चौकोन उघडतो आणि ईमेलचा पत्ता मागतो, तो पॉपअप मी बनवतो. त्या दिवशी गाद्या विकणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. पत्ता दिला की सवलत. ज्यांना द्यायचा नाही त्यांच्यासाठी खाली एक बारीक बटण. साहेबांना त्यावर हवं होतं, ‘नको, मला कंबरदुखीच बरी.’

“लोक हसतील आणि पत्ता देतील,” साहेब म्हणाले.

“नाहीतर चिडतील.”

“चिडू देत ना. पत्ता देऊन चिडू देत.”

तेवढ्यात माझ्या बायकोच्या नंबरवरून फोन आला. बोलत होता सुया-दोऱ्यांचा दुकानदार.

“या बाईंचे तुम्ही कोण?”

“नवरा.”

“त्या इथे काउंटरपाशी एकदम खाली बसल्या. शुद्धीवर नाहीत. अँब्युलन्स आलीय, तुम्ही सरळ हॉस्पिटललाच या.”

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आधी मला खुर्ची दिली. त्यावरूनच कळलं. मग नर्सने तिची पिशवी हातात ठेवली. आत करड्या दोऱ्याचं एक रीळ होतं.

ती कपडे दुरुस्त करायची. उसवलेली शिवण, कोटाचा फाटलेला खिसा, अडकलेली चेन. ते कसं करायचं हे लिहिण्यासाठी तिने वेबसाइट काढली होती, आणि दर सोमवारी ती वाचकांना एक ईमेल पाठवायची. त्याला ती पत्र म्हणायची. साइट मीच बांधून दिली. अर्थात पॉपअपही केला, ऑफिसात करायचो तसाच. साइट उघडल्याबरोबर येणारा, लालभडक.

“हे काय?” ती म्हणाली. “माणसाने दारात पाऊल टाकलं नाही तोच पत्ता विचारतोस? पोलीस आहेस का?”

“असंच असतं. नंतर माणूस थांबत नाही.”

“न थांबणारा माणूस घेऊन मी काय करू?”

मग ती शेजारी स्टूल ओढून बसली आणि सांगत गेली तसं मी बदलत गेलो. लेख शेवटपर्यंत वाचून झाला की मगच विचारायचं. दिवसातून एकदाच विचारायचं. बंद करायची फुली अशी हवी, की शिवून शिवून सुजलेल्या बोटालाही सापडेल. मजकूर तिचाच: ‘दर सोमवारी एक पत्र पाठवते. नको झालं की सांगा, मला राग येणार नाही.’ खाली दोन बटणं, दोन्ही सारखीच मोठी. एकावर ‘पाठवा’, दुसऱ्यावर ‘नको, राहू दे’.

“याने कोणी पत्ता देणार नाही,” मी म्हणालो.

लोक आले, पण थोडे. तिला तेवढे पुरत होते. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना मात्र म्हणायची, “हे लोकांच्या वाटेत आडवे उभे राहतात. त्याचा पगार मिळतो यांना.”

मी स्वतः तिथे पत्ता कधी दिला नाही. घरातच तर होतो. सोमवारी सकाळी ती विचारायची, “सगळ्या जगाने दिला, घरचा माणूसच राहिला. कधी देतोयस?”

“पत्र कशाला? काय लिहिलंस ते तोंडी सांग.”

“ते नाही जमायचं. हवं असेल तर सगळ्यांसारखा पत्ता टाक. आणि आतून जाऊन वाचायचं नाही हं, सांगून ठेवते.”

साइटच्या आतल्या बाजूने मला सगळं उघडता येत होतं. मी उघडलं नाही. तेव्हा ती गंमत होती.

ती गेल्यावर काही दिवसांनी मी कामावर गेलो. गाद्यांचा पॉपअप अजून तसाच पडून होता. मी साहेबांना म्हटलं, “खाली साधं ‘नको’ लिहू या.”

“तुम्ही म्हणाल तसं,” साहेब लगेच म्हणाले. एरवी त्यांनी दुपारपर्यंत हुज्जत घातली असती. मला त्यांचं ते ऐकणं नको होतं. हुज्जत हवी होती.

रविवारी मेहुणी डबा घेऊन आली. बायकोची धाकटी बहीण. डबा ठेवला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

“भाऊजी, एक बोलू? ताईची साइट चालूच आहे.”

“हो.”

“माझ्या ऑफिसातल्या एकीने काल तिथे पत्ता टाकला. तिला कुठे माहीत होतं? लगेच ताईचं पत्र आलं तिला. मला दाखवायला आली, तुझ्या बहिणीने किती छान लिहिलंय म्हणून. मी काय बोलू?”

नवीन वाचकाने पत्ता टाकला की पहिलं पत्र आपोआप जातं. ती सोय माझीच.

“काय आहे त्या पत्रात?” मी विचारलं.

“तुम्ही वाचलं नाहीत?” ती माझ्याकडे बघत राहिली. “काही विशेष नाही हो. सुईत दोरा कसा ओवायचा ते. टोक थुंकीने ओलं करू नका, तिरकं कापा. ताईचं नेहमीचंच.”

“नेहमीचंच,” मी म्हणालो.

“पण त्यात शेवटी लिहिलंय, सोमवारी भेटू. कुठला सोमवार, भाऊजी? लोक वाट बघत बसणार. ताईला चाललं असतं का हे?”

चाललं नसतं. ग्राहकाला उशीर होणार असेल तर ती आदल्या दिवशी फोन करून सांगायची.

“आजच बंद करतो,” मी म्हणालो.

मेहुणी गेल्यावर मी बायकोच्या वाचकांना दोन ओळी कळवल्या. ती गेली, आता पत्र येणार नाही. त्याच दोन ओळी साइटवरही लावल्या. मग पॉपअप बंद करायला बसलो. सेटिंगमधली एक खूण काढायची, एवढंच काम होतं. बंद करण्याआधी एकदा बघावा म्हणून साइट उघडली आणि कोटाच्या खिशाचा लेख शेवटपर्यंत वाचला. चौकोन आला. ज्याने पत्ता दिला त्याला तो परत दिसत नाही. मी दिला नव्हता, म्हणून मला विचारत होता. घरात आता दुसरं कोणी काही विचारत नाही.

मी तो सगळ्या वाचकांसाठी बंद केला. एक कॉम्प्युटर सोडला, माझा. आमच्या कामात अशी सूट ठेवता येते, तपासणीसाठी. मग मोबाइलवर साइट उघडून खात्री केली. तिथे काही आलं नाही.

तेव्हापासून रोज कामावरून आलो की एक लेख वाचतो. शेवट आला की ती विचारते. मी पत्ता लिहितो, पुसतो आणि ‘नको, राहू दे’ दाबतो. ‘पाठवा’ दाबलं तर तिचं पत्र येईल, आणि चौकोन उद्यापासून येणार नाही.

करड्या दोऱ्याचं रीळ कॉम्प्युटरशेजारीच आहे. पत्ता द्यायचा अजून राहिला आहे.